घरचा गोठा : शेळीचे दूध, विरजण आणि जंतूंची झुंज



शेळीचे दूध निरसेच प्यावे, उकळले की त्यातला गुण जातो, असे आपल्याकडे पुष्कळ घरांत मानतात. एका भगिनीने या सदराकडे तसे विचारलेही आहे. त्यांच्या घरी दोन शेळ्या आहेत. धाकट्या मुलाला वरचेवर पोटाची तक्रार असते. सासूबाईंचे म्हणणे, सकाळची धार फेस मोडायच्या आत मुलाला पाजावी. कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने त्यात भर घातली की, शेळीच्या दुधात रोगजंतूंना मारणारे चांगले जंतू असतात असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, मग ते उकळून मारायचे कशाला? बाईंना प्रश्न पडला की सासूबाईंचे ऐकावे की दूध चुलीवर ठेवावे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. दूध चुलीवर ठेवा. पण पुतण्या सांगतो ते खोटे नाही, आणि ते नीट समजून घेतले तर त्या जंतूंचा फायदा उकळूनही घेता येतो, किंबहुना उकळूनच अधिक चांगला घेता येतो. कसा ते पाहू.

निरोगी शेळीच्या कासेत दूध तयार होते तेव्हा त्यात जंतू फारच थोडे असतात. ते मिसळतात सडाच्या तोंडापासून पुढे. सडाची कातडी, कासेवरचे केस, धार काढणाराचे हात, भांडे, गोठ्यातली धूळ, चाऱ्याची कणी, या सगळ्यांतून ते दुधात उतरतात. त्यांत बरे असतात, वाईट असतात आणि नुसतेच पोटभरू असतात. बऱ्यांपैकी एक मोठे कुळ म्हणजे दुग्धाम्ल जंतू. दुधातली साखर खाऊन ते तिचे आम्ल करतात. हे आम्ल म्हणजे लॅक्टिक ॲसिड. ताकाचा आंबटपणा तो हाच. या कुळात लॅक्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस, ल्युकोनॉस्टॉक अशा अनेक शाखा आहेत. नावे लक्षात नाही राहिली तरी बिघडत नाही. तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या जे विरजण चालत आले आहे, त्यात ही मंडळी नांदत असतात.

दूध आंबणे हे जंतूंचे काम आहे हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवले. त्यापूर्वी आपल्या आज्यापणज्यांना हे नाव माहीत नव्हते, पण चमचाभर जुने दही घातल्याशिवाय नवे लागत नाही, आणि ते चांगल्या घरचे असले पाहिजे, एवढे मात्र पक्के माहीत होते. विरजण मागायला दोन घरे ओलांडून जाणारी बाई उगीच जात नव्हती.

आता हे जंतू दुसऱ्या जंतूंना मारतात म्हणजे काय करतात? याला तीन-चार वाटा आहेत.

पहिली वाट आम्लाची. ताज्या दुधाचा आम्लांक, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला पीएच म्हणतात तो, साधारण ६.६ असतो. दही नीट लागले की तो ४.५ च्या आसपास उतरतो. हा आकडा जितका खाली तितके आंबट. बहुतेक रोगजंतूंना एवढ्या आंबटात वाढता येत नाही. पण नुसते बाहेर आंबट झाले म्हणून ते मरतात असे नाही. गंमत पुढे आहे. दुग्धाम्लाचा काही भाग न फुटलेल्या रूपात असतो आणि त्या रूपात तो जंतूच्या पातळ आवरणातून सहज आत शिरतो. आत शिरल्यावर तो फुटतो आणि जंतूचे पोट आंबवतो. जंतू ते आम्ल बाहेर फेकण्याच्या मागे लागतो. फुटक्या होडीतले पाणी उपसावे तसे उपसत बसतो, आणि त्या उपसण्यातच त्याची सारी शक्ती संपते. वाढायला, पोरवडा वाढवायला त्याच्याजवळ काही उरत नाही. दुग्धाम्ल जंतूंना स्वतःला मात्र या आंबटात राहायची सवय असते.

दुसरी वाट जागा अडवण्याची. शेतात पीक दाट आणि जोमाने आले की तणाला वाव राहत नाही, तसेच हे. चांगले लागलेले दही घेतले तर त्याच्या एका ग्रॅममध्ये हे जंतू कोट्यवधींनी असतात. दुधातली साखर आणि इतर खाद्य आधी त्यांच्या पोटात जाते. मागून आलेल्याला उपास पडतो.

तिसरी, यातले काही जंतू हायड्रोजन पेरॉक्साइड नावाचे द्रव्य तयार करतात. दवाखान्यात जखम धुताना फेस येणारे औषध पाहिले असेल, तेच हे, पण फारच थोड्या प्रमाणात. कच्च्या दुधात मुळातच एक पाचकद्रव्य असते, त्याच्याशी याची गाठ पडली की जंतूंची वाढ काही तास रोखली जाते. ताजे दूध काही काळ टिकते त्याचे एक कारण हे. पण हे पाचकद्रव्य उकळल्यावर राहत नाही, आणि ते होते तेव्हासुद्धा वाढ थोडा वेळ रोखण्यापलीकडे त्याची मजल जात नाही, हेही लगेच सांगून ठेवतो.

चौथी वाट सगळ्यांत नवलाची. काही दुग्धाम्ल जंतू आपल्या शेजाऱ्यांना मारण्यासाठी एक खास प्रथिन तयार करतात. अशा प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध निसिन. याची कथा वाचण्यासारखी आहे. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलिन सापडले, हे शाळेच्या पुस्तकात असते. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर्स आणि व्हिटियर या दुग्धशास्त्रज्ञांना दिसले की, दूध आंबवणारा एक जंतू दह्याच्या दुसऱ्या जंतूची वाढ रोखतो. याचा कोठे गवगवा झाला नाही. पुढे न्यूझीलंडमध्ये चीज करणाऱ्यांची तक्रार येऊ लागली की, विरजण घालूनही कधी कधी दूध वेळेत आंबत नाही. व्हाइटहेड नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली त्याचा छडा लावला. दुधात आधीच शिरलेला दुग्धाम्ल कुळातलाच एक जंतू असे द्रव्य सोडत होता की, विरजणाचे जंतू त्याने निकामी होत. म्हणजे भाऊबंदकी तिथेही चुकलेली नाही! १९४७ साली इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी त्या द्रव्याला निसिन हे नाव दिले. जगाच्या आरोग्य आणि अन्न संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९६९ साली ते खाद्यपदार्थांत वापरायला सुरक्षित ठरवले आणि १९८८ साली अमेरिकेनेही ठराविक चीजमध्ये त्याला परवानगी दिली. आज अनेक देशांत चीज आणि डबाबंद पदार्थ टिकवायला ते वापरतात.

निसिन मारते कसे? जंतूला आपल्या भोवतीची भिंत बांधायला जी वीट लागते, तिलाच ते जाऊन चिकटते. बांधकाम थांबते. शिवाय आवरणाला भोके पडतात आणि आतला ऐवज गळून जातो.

शेळीच्या दुधाचा संबंध येथे येतो. अल्जीरिया, मोरोक्को, इराण, ब्राझील, भारत अशा शेळ्या पाळणाऱ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी शेळीच्या दुधातून असे जंतू वेगळे काढून तपासले आहेत. तपासायची रीत सोपी आहे. काचेच्या बशीत आगर नावाची खळ ओतून घट्ट होऊ देतात. तीवर रोगजंतू, समजा गळू आणणारा स्टॅफिलोकॉकस, सगळीकडे सारखा पसरतात. मग खळीला छोटी भोके पाडून त्यांत दुग्धाम्ल जंतूंनी वाढताना सोडलेले पाणी गाळून थेंबभर घालतात. दुसऱ्या दिवशी बशीभर रोगजंतूंची पांढुरकी साय आलेली असते, पण भोकाभोवती स्वच्छ, मोकळे कडे दिसते. तेवढ्या जागेत रोगजंतू वाढू शकला नाही. कडे जितके रुंद तितका मारा जोरदार. हा मारा आम्लाचा की बॅक्टेरिओसिनचा हे कळण्यासाठी मग त्या पाण्यातले आम्ल मारून पुन्हा पाहतात. तरी कडे आले, आणि प्रथिन पचवणारे द्रव्य घातल्यावर मात्र नाहीसे झाले, तर समजायचे की काम प्रथिनाचे होते.

अशी कडी शेळीच्या दुधातल्या पुष्कळ जंतूंनी दाखवली आहेत. पुतण्याने वाचले ते हेच असणार. पण बशीतली लढाई आणि मुलाच्या पोटातली लढाई एक नव्हे, आणि येथेच बातमी वाचणाऱ्यांची गफलत होते.

एक तर बशीत प्रयोगशाळेने निवडलेला, वाढवलेला एकच जंतू असतो. तुमच्या शेळीच्या धारेत तो आहे की नाही, आणि असला तर किती, हे कोणी सांगावे? ज्वारी म्हटली तरी मालदांडीची गोष्ट वेगळी आणि दुसऱ्या वाणाची वेगळी. जंतूंचेही तसेच. एकाच नावाच्या दोन जंतूंत एक निसिन करील, दुसरा करणार नाही. दुसरे असे की, निसिनसारखे प्रथिन आतड्यात गेले की तेथील पाचकरस त्याला डाळीच्या प्रथिनासारखे पचवून टाकतात. म्हणून तर ते खाण्यात चालते. पण त्याच कारणाने ते पिऊन ताप उतरेल किंवा जखम भरेल ही आशा धरू नये. तिसरे, निसिनचा मारा सगळ्या जंतूंवर चालत नाही. हगवणीचे कित्येक जंतू, टायफॉइडचा जंतू, यांना आणखी एक बाहेरचे आवरण असते. ते भेदून निसिन एकटे सहसा आत जाऊ शकत नाही.

आता मुख्य धोक्याकडे येऊ. हे जरा विस्ताराने सांगतो, कारण शेळी पाळणाऱ्या घराने हे जाणून असावेच.

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे छोटे बेट आहे. तेथे इंग्रजांचे सैन्य असे. सैनिकांना एक विचित्र ताप यायचा. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रात्री घामाने अंथरूण भिजायचे, सांधे आणि कंबर धरायची, महिनोन्‌महिने माणूस उठत नसे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू शोधून काढला. पण तो येतो कोठून याचा पत्ता पुढे अठरा वर्षे लागला नाही. डास, पाणी, हवा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. माल्टात शेळ्या दारोदार फिरवून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची चाल होती. शेळ्या तर धष्टपुष्ट दिसत. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने त्या निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि गुपित फुटले. शेळ्याच त्या जंतूचे घर होत्या, आणि तो दुधातून बाहेर पडत होता. त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्या घेऊन एक बोट अमेरिकेकडे निघाली होती. वाटेत ज्यांनी त्या शेळ्यांचे निरसे दूध प्यायले त्यांतले बरेचजण आजारी पडले. १९०६ साली सैनिकांच्या शिध्यातून शेळीचे दूध बंद केले, आणि सैन्यातला ताप झपाट्याने ओसरला.

हाच रोग ब्रुसेलोसिस. तो माल्टाबरोबर संपला नाही. आपल्या देशातही तो जनावरांत आणि माणसांत आहे. २०१९ च्या पशुगणनेत भारतात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, तेव्हा हा प्रश्न थोडक्या घरांचा नव्हे. शेळीत त्याची मोठी खूण म्हणजे गाभडणे, विशेषतः शेवटच्या दोन महिन्यांत. जार अडकणे ही दुसरी. पण एकदा गाभडलेली शेळी पुढच्या वेताला सुरळीत व्याली तरी तिच्या दुधातून जंतू येत राहू शकतो. दिसायला ती ठणठणीत असते. दुधाला वास नाही, रंग नाही, चव बदलत नाही.

आणि या जंतूपुढे आपले दुग्धाम्ल जंतू कमी पडतात. निरशा दुधाचे दही लावले तरी त्या आंबटात तो लगेच मरत नाही. ताज्या दह्यात, ताज्या लोण्यात तो काही दिवस तग धरू शकतो. मात्र उकळीपुढे त्याचे काही चालत नाही. दुग्धशाळेत दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवतात, तेवढ्यानेही तो मरतो. घरी आपण अंश मोजत नाही, तेव्हा ढवळत ढवळत सगळ्या दुधाला एक चांगली उकळी येऊ द्यावी. नुसती कडेला आलेली साय पाहून पातेले उतरवू नये.

आता त्या भगिनीच्या पुतण्याचा प्रश्न उरतो. उकळल्याने चांगले जंतूही मेले, मग हाती काय राहिले? अहो, विरजणाचा चमचा कशासाठी आहे! उकळी म्हणजे रान साफ करणे. तण, काटेकुटे, सगळे गेले. मग कोमट दुधात विरजण घालणे म्हणजे साफ रानात निवडक बी पेरणे. निरशा दुधात दुग्धाम्ल जंतू थोडे आणि त्यांच्याबरोबर सतरा प्रकारचे दुसरे, झुंज बरोबरीची. उकळलेल्या दुधात लाखो-कोटी विरजणाचे जंतू उतरतात आणि समोर कोणीच नसते. म्हणून वर म्हटले, फायदा उकळूनच अधिक.

शेळीच्या दुधाचे दही लावताना काही भगिनींचा हिरमोड होतो, कारण ते म्हशीच्या दुधासारखे वडीदार लागत नाही. त्याचा दोष तुमच्या हाताला नाही. ज्या प्रथिनाने दही घट्ट बांधले जाते त्यातला एक प्रकार शेळीच्या दुधात बहुधा कमी असतो, आणि स्निग्धाचे कणही बारीक असतात. त्यामुळे दही मऊ, जरा लुसलुशीत होते. पचायला ते हलके वाटते ते याचमुळे. घट्ट हवे असेल तर दूध आटवून थोडे कमी करावे, किंवा निम्मे म्हशीचे मिसळावे. बोट घातले असता सोसेल इतके कोमट झाल्यावर अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा ताजे, गोडसर विरजण घालून फेटावे. थंडीत विरजण थोडे जास्त आणि भांडे धान्याच्या कणगीत किंवा घोंगडीत गुंडाळून, उन्हाळ्यात कमी. फार आंबट, चार दिवसांचे विरजण घालू नये. त्यातले जंतू आपल्याच आम्लाने थकलेले असतात. भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्यावे. बिनकल्हईच्या पितळेत दही कळकते हे सांगायला नकोच. तो कळकटपणा म्हणजे आम्लाने सोडवलेले तांबे असते.

वासाची तक्रारही येते. शेळीच्या दुधातल्या स्निग्धात जी ठराविक आम्ले जास्त असतात, त्यांची इंग्रजी नावेसुद्धा शेळीच्या लॅटिन नावावरूनच पडली आहेत! पण दुधाला येणारा उग्र दर्प बराचसा आपल्या हातचा असतो. बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधावा, कास पुसून कोरडी करावी, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काळ्या वाटीत घेऊन गाठी किंवा रक्त आहे का पाहावे, आणि दूध गाळून लगेच तापवावे.

लगेच का, ते सांगतो. धार काढून दूध उन्हाळ्यात चार-पाच तास तसेच ठेवले आणि त्यात कासेच्या दाहाचा स्टॅफिलोकॉकस असला, तर तो वाढून एक विष सोडतो. मागाहून उकळल्यावर जंतू मरतो, पण विष मरत नाही. ते खाल्ल्यावर दोन-चार तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात. तेव्हा सकाळचे निरसे दूध दुपारी विरजू म्हणून ठेवून देऊ नये.

येथे दह्याचा एक दाखला देतो, जो पुष्कळांनी पाहिला असेल पण त्याचा अर्थ लागला नसेल. शेळीला किंवा म्हशीला दगडी झाली, डॉक्टरांनी सडात पेनिसिलिनची नळी सोडली किंवा सुई दिली, आणि त्या दिवसांत घरात दही लागेनासे झाले. बाई विरजणाला बोल लावते, कोणी नजर लागली म्हणते. कारण सरळ आहे. औषध दुधात उतरते आणि विरजणाच्या जंतूंना मारते. दह्यातला एक जंतू तर पेनिसिलिनला इतका नाजूक आहे की दुग्धशाळांनी दुधातले औषध ओळखण्यासाठी त्याचा उपयोग केला आहे. दही न लागणे ही खूण म्हणून ध्यानात ठेवावी, पण दही लागले म्हणजे दूध औषधमुक्त असे मात्र धरू नये. थोडे औषध असूनही दही लागू शकते. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये ते छापलेले असते, डॉक्टरांना विचारूनही घ्यावे. तितके दिवस ते दूध घरात वापरू नये, डेअरीला घालू नये, चहाच्या टपरीला तर मुळीच देऊ नये. दोन दिवसांचे पैसे बुडतात हे कबूल. पण थेंबाथेंबाने पोटात जाणाऱ्या औषधाने रोगजंतू सरावतात, आणि उद्या आपल्याच मुलाला न्यूमोनिया झाला तर तेच औषध लागू पडत नाही.

त्या भगिनीच्या मुलाकडे वळतो. वरचेवर पोट बिघडते तर शौच तपासून घ्यावी, पिण्याचे पाणी पाहावे, जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. हगवण लागली तर आधी जलसंजीवनी. उकळून लावलेल्या दह्याचे पातळ ताक, दहीभात, हे सोबतीला उत्तम. पण ताक म्हणजे औषध नव्हे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर ताकाच्या भरवशावर थांबू नये.

अगदी तान्ह्या बाळाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. पहिले सहा महिने आईचेच दूध. आई नसेल, दूध नसेल, तर दवाखान्यातून सल्ला घ्यावा. शेळीचे दूध आईच्या दुधाची जागा घेत नाही. त्यात फोलेट नावाचे जीवनसत्त्व फार कमी असते, आणि नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना रक्तक्षय होतो हे फार पूर्वीपासून माहीत आहे. महात्मा गांधी शेळीचे दूध घेत, तेव्हा आम्ही का नको, असे कोणी म्हणेल. त्यांनी ते सुरू केले मोठ्या दुखण्यातून उठताना, प्रौढ वयात, आणि त्यांच्या आहारात इतर जिन्नसही होते.

डेंग्यूची साथ आली की अलीकडे शेळीच्या दुधाला वारेमाप भाव येतो. कोणी म्हणते त्याने रक्तातल्या पेशी वाढतात. डेंग्यू हा विषाणूचा रोग आहे आणि वर सांगितलेली आम्लाची, निसिनची सारी झुंज जंतूंशी आहे. शेळीच्या दुधाने डेंग्यू बरा होतो याला आधार नाही. मिळतो तो भाव घ्या, पण गिऱ्हाइकाला उकळून प्यायला सांगा. डेंग्यूचा रोगी निरसे दूध पिऊन वर ब्रुसेलोसिसही घेऊन बसला, तर ते पुण्य कोणाच्या पदरी पडायचे? तसेच आलेल्या डोळ्यांत किंवा जखमेवर निरशा दुधाची पट्टी ठेवू नये.

शेळी गाभडली तर पडलेले पिल्लू आणि जार उघड्या हाताने उचलू नये. हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात, खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे, कुत्र्यांना ओढू देऊ नये. गाभण बाईने त्या कामाला हात लावू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून शेळीचे रक्त तपासावे. सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या मोहिमेतली ब्रुसेलोसिसची लस गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांसाठी आहे. शेळ्यांच्या बाबतीत तपासणी आणि स्वच्छता यांवरच आपली भिस्त. आणि घरात कोणाला आठवडेच्या आठवडे जाऊन-येऊन ताप, रात्री घाम, कंबरदुखी असेल, मलेरिया-टायफॉइडच्या गोळ्या घेऊन उतरत नसेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगावे की आमच्याकडे शेळ्या आहेत, एक गाभडली होती. एवढ्या एका वाक्याने योग्य ती रक्ततपासणी होते. नेमके निदान झाले तर हा रोग औषधाने बरा होतो, मात्र औषध आठवडे न आठवडे, पुरे घ्यावे लागते.

आता थोडे चाऱ्याबद्दल, कारण हेच दुग्धाम्ल जंतू तुमच्या मुरघासाच्या खड्ड्यातही राबत असतात. मका किंवा कडवळ बारीक कापून, दाबून, हवा काढून बंद केले की त्या कुट्टीवरचे दुग्धाम्ल जंतू तिच्यातली साखर आंबवतात. आम्लांक चारच्या आसपास उतरला की कुजवणारे जंतू थांबतात आणि चारा महिनोन्‌महिने टिकतो. दही आणि मुरघास ही एकाच आम्लाची दोन कामे. पण खड्ड्यात हवा राहिली, कडेने कागद फाटला, तर तेथे आम्ल पुरेसे होत नाही आणि लिस्टेरिया नावाचा जंतू माजतो. असा मुरघास खाल्लेली शेळी मान एका बाजूला टाकते, एकाच दिशेने गोल गोल फिरते, एका बाजूचा कान आणि ओठ लोंबतो, तोंडातून लाळ गळते. हे दिसले की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, दुसरा दिवस उजाडू देऊ नये. हा जंतू माणसालाही होतो आणि गाभण बाईला फार घातक ठरतो.

चांगल्या मुरघासाला गोडसर आंबूस वास येतो, रंग पिवळट हिरवा असतो, मुठीत दाबला तर पाणी निथळत नाही. काळा पडलेला, बुरशी आलेला, कुजकट वासाचा थर कडेने आणि वरून हातभर तरी काढून टाकावा. तो शेळ्यांना तर नाहीच, "फुकट जातो" म्हणून म्हशीपुढेही टाकू नये. उकिरड्यावर त्याचे चांगले खत होते. खड्डा एकदा उघडला की रोज सरळ उभा काप घेत जावे, आणि घेऊन झाल्यावर कागद पुन्हा नीट दाबून वर दगड ठेवावेत.